वाडा राखला, गावाचे काय?

सिंदखेडराजाला येणारा माणूस बहुधा एकाच जागेसाठी येतो. राजवाड्याच्या उंच दरवाजातून आत शिरायचे, जिजाऊंच्या जन्मस्थानापुढे हात जोडायचे, दारात फोटो काढायचा आणि तासाभरात गाडी जालन्याच्या नाहीतर मेहकरच्या वाटेला लावायची. १२ जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, तर त्या दरवाजापुढे पाय ठेवायला जागा नसते. या श्रद्धेत वावगे काहीच नाही. मात्र तिच्यामुळे एक वास्तू डोळ्यांत भरते आणि बाकीचे गाव नजरेआड होते. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव आणि त्यांच्या घराण्याने इथे नुसता वाडा बांधला नव्हता. आधीपासूनच्या वस्तीला त्यांनी एका मातब्बर सरदाराच्या ठाण्याचा आकार दिला होता. राजवाडा, रंगमहाल, जाड काळ्या भिंतींचा काळा कोट, नीळकंठेश्वराचे देऊळ आणि त्यापुढचे कुंड, रामेश्वर, सजना बारव, पुतळा बारव, मोती तलाव, मधोमध इमारत असलेला चांदणी तलाव आणि गावाबाहेर खुद्द लखुजींची प्रचंड समाधी. पर्यटनाच्या पत्रकात ही नावे एकाखाली एक छापली जातात आणि वाचणाऱ्याला वाटते, ही दहा प्रेक्षणीय स्थळे. माझे म्हणणे असे की ही दहा स्थळे नव्हेत, ही एकच वास्तू आहे, आणि तिचे नाव सिंदखेड. जपायची असेल तर ती अख्खी जपावी लागेल. आज कायदा, निधी आणि लोकांचे प्रेम या तिन्हींचा रोख सुट्या इमारतींवर आहे.

या म्हणण्याला विरोध आहे, आणि तो पोकळ नाही. आपल्याकडे शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती, तीही अशी की विरोधकाला स्वतःलाच वाटावे, माझी बाजू माझ्याहून यानेच बरी मांडली. तीच रीत इथे धरतो. पूर्वपक्षाच्या जागी एक घरमालक बसवू. तो कोणी एक माणूस नाही. जुन्या गावांत राहणाऱ्या पुष्कळांचे बोलणे त्याच्या तोंडी आहे. वाड्यामागच्या गल्लीत त्याचे आजोबांच्या वेळचे धाब्याचे घर आहे, पांढऱ्या मातीच्या भिंतींचे, आणि मुलाच्या लग्नाआधी त्याला वर दोन खोल्या चढवायच्या आहेत. त्याला भाऊ म्हणू.

“सर, तुम्ही दगडातच अडकलात,” भाऊ सुरुवातीलाच म्हणतील. “लोक इथं आऊसाहेबांच्या पायाशी येतात, इमारत बघायला नाही. उद्या वाडा पडला तरी बारा तारखेला तेवढीच माणसं येतील. रायगडावर तरी काय उरलंय? जोतीच ना? तरी माणसं चढतात. माणूस मोठा असला की जागा आपोआप मोठी होते. त्यासाठी माझ्या गल्लीतल्या बारवा अन् पडके कोट कशाला मोजता? अन् मोजायचेच असतील तर किल्ले मोजा. जगानं किल्ल्यांनाच मान दिला, वाड्यांना नाही.”

शेवटचे वाक्य खरे आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाला जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात बारा किल्ले आहेत. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. सिंदखेड त्यात असण्याचे कारणच नव्हते, कारण ते लढण्याचे ठिकाण म्हणून वसलेले नाही. पण मराठ्यांचा इतिहास किल्ल्यांत लढला गेला असला तरी तो घडला देशमुखांच्या आणि सरदारांच्या कसब्यांत. वसूल कुठे जमा होई, बाजार कुठे भरे, पागा कुठे असे, हजारभर माणसांना उन्हाळ्यात पाणी कुठून मिळे, याची उत्तरे राजगडावर सापडत नाहीत; ती सिंदखेडसारख्या ठिकाणी सापडतात. १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला आणि १६२९ साली दौलताबादच्या निजामशाही दरबारात लखुजींना त्यांच्या दोन मुलांसह आणि नातवासह दग्याने मारण्यात आले. या तीसएक वर्षांत हे घराणे दख्खनच्या राजकारणात वजनदार होते आणि त्या वजनाचा पैसा इथल्या पाण्यात ओतला गेला. मोती तलावाचा बांध नुसता मातीचा ढीग नाही. त्याची दर्शनी बाजू किल्ल्याच्या तटासारखी बांधून काढली आहे. सजना बारवेतून गावात पाणी खेळवले होते असे सांगितले जाते. पुतळा बारवेच्या भिंतींवर शिल्पे कोरली आहेत, म्हणजे पाणी भरण्याची जागा शोभिवंत असावी असे कोणाला तरी वाटले होते. वऱ्हाडच्या या कोरड्या कडेवर पाण्याची एवढी कामे एका वस्तीभोवती सहज म्हणून होत नाहीत. त्यांच्या उंचसखल जागा, एकमेकांपासूनचे अंतर आणि गावाचा उतार यांचा मेळ घातल्याशिवाय एकही काम समजत नाही. आता रायगडाचे. तिथली जोती बोलतात, कारण ती सगळीच्या सगळी जागेवर आहेत. बाजारपेठ, सदर, तलाव, वाडे हे सारे एकमेकांच्या नात्यात दिसते. तिथले एक जोते ठेवून बाकीची उचलली असती तर गडावर काय कळले असते? आणखी एक गोष्ट अनुमान म्हणूनच मांडतो. आदिलशाही फौजेने बेचिराख केलेली पुण्याची कसबा वस्ती जिजाऊंच्या देखरेखीखाली पुन्हा उभी राहिली. गाव कसे वसवतात हे त्या बाईंनी लहानपणी कुठे पाहिले असेल, या प्रश्नाचे उत्तर जन्माच्या खोलीत मिळणार नाही. तलाव, बारवा आणि पेठ यांच्यातच ते शोधावे लागेल. भाऊंना आऊसाहेब हव्या आहेत. मग त्यांच्या भोवतीचे गावही लागेलच.

भाऊ इथे थोडे गप्प होतील, पण मुद्दा सोडणार नाहीत. “मानलं. गाव मोठं आहे. पण गाव मोठं म्हटलं की नियम मोठे होतात, अन् नियम येतात ते माझ्याच दारात. स्मारकापासून शंभर मीटरमध्ये बांधकाम बंद, पुढच्या दोनशेत परवानगी आणा. माझा मुलगा नागपूरला, मुंबईला अर्ज घेऊन फिरणार का? तुम्ही म्हणता दहा वास्तू एक धरा. म्हणजे दहा वर्तुळं माझ्या डोक्यावर! गाव वाचवायच्या नावाखाली गावच उठेल. माणसं हायवेकडे प्लॉट घेऊन निघून जातील, अन् मग तुमच्या बारवेचं पाणी कोण पिणार?”

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, आणि त्यातला अर्धा भाग मी तसाच स्वीकारतो. १९५८ च्या केंद्रीय पुरातत्त्व कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि केंद्राने संरक्षित केलेल्या प्रत्येक स्मारकाभोवती १०० मीटरचा निषिद्ध आणि त्यापलीकडे आणखी २०० मीटरचा नियंत्रित पट्टा कायम झाला. स्मारक एक बिंदू धरले तरी १०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पावणेआठ एकर जमीन येते आणि ३०० मीटरच्या वर्तुळात जवळपास सत्तर एकर. छोट्या कसब्यात हे लहान क्षेत्र नव्हे. निषिद्ध पट्ट्यात १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती परवानगीने करता येते, नवे बांधकाम मात्र नाही. भाऊंच्या वरच्या दोन खोल्या नव्या बांधकामातच मोडतील. म्हणून मी वर्तुळांची बाजू घेत नाही. माझी तक्रार तर भाऊंहून एक पाऊल पुढची आहे. वर्तुळ हा भूमितीचा नियम आहे, इतिहासाचा नाही. वर्तुळाच्या आत कालपरवाचे गोदाम असू शकते, त्याच्याशी स्मारकाचा काडीचा संबंध नसतो, तरी तिथली विटेला वीट अडते. त्याच वेळी वर्तुळाबाहेर, पाचशे मीटरांवर, तलावाकडून येणाऱ्या पाण्याची वाट बुजवून कोणी प्लॉट पाडले तर कायद्याची नजर तिथे पोचतच नाही. म्हणजे माणसाला जाचक आणि वारशाला निरुपयोगी, दोन्ही दोष एकाच नियमात. प्रत्येक स्मारकासाठी तिथली परिस्थिती पाहून स्वतंत्र वारसा उपविधी करावेत असे त्याच दुरुस्तीत म्हटले आहे. ती पळवाट नाही, कायद्याचाच भाग आहे. आणि गावाकडे गाव म्हणून पाहणारे दुसरे हत्यारही महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली तेव्हा तिने एकेकट्या इमारतींबरोबर परिसरही यादीत घेतले आणि इमारतींना श्रेणी लावल्या: पहिल्या श्रेणीत जवळजवळ हात लावायचा नाही, तिसऱ्या श्रेणीत आतले फेरफार, वापरातला बदल, त्याच जागेत वाढही चालते. नगरपरिषदांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा वास्तू आणि परिसर यांची तरतूद आहे. वर्तुळ सांगते, इथे काही करू नका. परिसराची यादी सांगते, कुठे काय करता येईल. भाऊंना या दोहोंतला फरक दाखवला पाहिजे, कारण आजवर त्यांच्या वाट्याला फक्त पहिलेच आले आहे.

“ही कल्पना इंग्रजांकडून आणली असणार,” भाऊ हसून म्हणतील. “तिकडची गावं पाहिलीत आम्ही, कॅलेंडरवर. फुलांच्या कुंड्या, वाकडी घरं, एक चर्च. तिथं राहतं कोण? लंडनचे पैसेवाले, तेही शनिवार-रविवार. गावच्या पोरांना घर परवडत नाही. आमचं सिंदखेड असं करायचं असेल तर राहू द्या.”

उगम इंग्लंडमध्येच आहे, लपवण्यासारखे त्यात काही नाही. तिथे महायुद्धानंतर, १९४७ च्या नगररचना कायद्यापासून, महत्त्वाच्या इमारतींची यादी पद्धतशीर होऊ लागली. पण वीस वर्षांत लक्षात आले की यादीतले चर्च आणि गढी उभी राहते आणि मधली गल्ली मरते. म्हणून १९६७ च्या कायद्याने ‘संवर्धन क्षेत्र’ ही नवी तरतूद आणली. त्याच वर्षी लिंकनशायरमधले स्टॅमफर्ड हे पहिले असे क्षेत्र ठरले. आज इंग्लंडभर दहा हजारांच्या आसपास अशी क्षेत्रे आहेत. कॅलेंडरवरच्या वाकड्या घरांची गोष्ट मात्र भाऊंना रंजक वाटेल. सफकमधले लॅव्हनम हे गाव पंधराव्या शतकात लोकरीच्या कापडावर गब्बर झाले. तिथल्या व्यापाऱ्यांनी लाकडी सांगाड्याची घरे आणि भलेमोठे चर्च बांधले. सोळाव्या शतकात तो धंदा बसला. घरे पाडून नवी बांधायला कोणाकडे पैसाच उरला नाही, म्हणून ती तशीच राहिली. आज ज्याला आपण जपलेला वारसा म्हणतो तो मुळात गरिबीचा साठा आहे. सिंदखेडचेही असेच झाले. १६२९ नंतर घराण्याचे तेज ओसरले. १७५७ साली याच गावाभोवती पेशव्यांचे आणि निजामाचे सैन्य भिडले. १८०४ च्या सुरुवातीला, असईच्या लढाईनंतर काही महिन्यांनी, इंग्रज सेनापती वेलस्ली इथे आला तेव्हा त्याला चोरांनी आणि उपासमारीने पोखरलेला मुलूख दिसला. पैसा निघून गेला म्हणून जुने उभे राहिले. आता समृद्धी महामार्ग तालुक्यातून जातो आणि जमिनीचा भाव वाढतो. म्हणजे दोनअडीचशे वर्षे गरिबीने जे आपोआप राखले ते आता आपोआप राहणार नाही. राहता राहिला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचा आक्षेप. तो पूर्ण खरा आहे, आणि इंग्लंडच्या पद्धतीत याहून विचित्र गोष्टीही आहेत. तिथे नवे घर बांधले तर मूल्यवर्धित कराचा दर शून्य, पण जुन्या घराची दुरुस्ती केली तर वीस टक्के. म्हणजे एका हाताने जपा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने दंड करायचा. मात्र उपायही तिथल्या लोकांनीच शोधला. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजच्या रहिवाशांनी २०१६ साली सार्वमत घेऊन ठरवले की गावातले नवे घर कायम राहणाऱ्यालाच मिळेल; ऐंशी टक्क्यांहून अधिक मते त्या बाजूने पडली. तेव्हा त्यांच्याकडून घ्यायचे ते क्षेत्राचे तत्त्व आणि रहिवाशांच्या हाती असलेला लगाम. करप्रणाली त्यांची त्यांनाच लखलाभ. आणि खरे सांगायचे तर, शनिवार-रविवारी बंगला घ्यायला लंडनकर सिंदखेडला येण्याचा धोका इतक्यात तरी दिसत नाही. आपला धोका उलटा आहे, इथला माणूस निघून जाण्याचा.

“तेच तर म्हणतोय,” भाऊ तो धागा उचलतील. “माणूस निघून जातो कारण मातीचं घर दर पावसाळ्यात पैसे मागतं. धाब्यावर माती टाका, भिंती लिंपा, वाळवी बघा. सिमेंट एकदा टाकलं की वीस वर्षं बघायला नको. तुम्ही चुना-चुना करता. चुना मळणारा गवंडी पंचक्रोशीत दाखवा एक. अन् सरकारचा पैसा येतो तो वाड्यासमोरच्या बागेला, लाइटिंगला, फरशीला. आराखडे दरवेळी जाहीर होतात. माझ्या भिंतीला त्यातला एक रुपया लागलाय?”

लागलेला नाही, आणि तो लागला पाहिजे, हे माझ्या मांडणीचे अर्धे अंग आहे. पण सिमेंटबद्दल भाऊंची समजूत तपासली पाहिजे, कारण तिच्यावरच जुनी गावे मरतात. जुनी भिंत, मग ती राजवाड्याची विटांची असो की गल्लीतल्या घराची मातीची, ओल आत घेते आणि बाहेर सोडते. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल निघून जाते. वर सिमेंटचा कडक थर दिला की तिची वाट बंद होते. ओल आत साचते, क्षार विटेच्या तोंडाशी येऊन साखळतात आणि पाचदहा पावसाळ्यांत विटेचा पापुद्रा सुटू लागतो. मातीच्या भिंतीत तर ती पायथ्यालाच पोखरत जाते आणि वरून सगळे ठाकठीक दिसत असतानाच भिंत फुगते. म्हणजे वीस वर्षांची निश्चिंती हा हिशेब नव्या भिंतीचा आहे, जुन्या भिंतीचा नव्हे. विल्यम मॉरिसने १८७७ साली इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली तेव्हा त्याचा सगळा कटाक्ष यावर होता: जीर्णोद्धाराच्या नावाखाली नवे बनवू नका, वेळच्या वेळी डागडुजी करा. आपल्याकडे धाब्याच्या घराची दरसालचे लिंपण ही तीच गोष्ट होती. तिला कोणी तत्त्वज्ञान म्हटले नाही, एवढेच. आता गवंड्याचे. पुरातत्त्व खाते जिथे काम काढते तिथे चुना, वाळू, विटांची सुर्खी यांचे मिश्रण घाणीत मळले जाते, त्यात बेलफळाचा गर, गूळ असे पूर्वापार पदार्थ पडतात. ते काम करणारी माणसे बहुतेक वेळा बाहेरून आणली जातात आणि काम संपले की निघून जातात. त्यांच्याबरोबर हातातले कसबही जाते. एखाद्या समाधीच्या किंवा वाड्याच्या दुरुस्तीच्या निविदेत एकच अट घालावी, की गावातले अमुक गवंडी या कामावर शिकून तयार झाले पाहिजेत. मग खासगी घराच्या भिंतीला लागणारा चुना गावातच मळला जाईल. वाड्यापुढच्या बागेचा आणि रोषणाईचा पैसा कमी करून गल्लीतल्या मालकांना दुरुस्तीसाठी थेट अनुदान द्यावे, हेही मी उघड म्हणतो. बागेने फोटो चांगला येतो. त्याने एकही भिंत उभी राहत नाही.

पैशावर आमचे जमले असे वाटत असतानाच भाऊ जमिनीखालचा प्रश्न काढतील. “२०२४ ला समाधीपाशी काय निघालं ते ठाऊक आहे ना? दुरुस्ती करायला गेले अन् खाली शंकराचं देऊळ निघालं, शेषशायी विष्णू निघाला. सगळं गाव बघायला लोटलं. पण त्या दिवसापासून लोकांच्या मनात हेच बसलं की आपल्या पायाखालीही काहीतरी असेल. उद्या संडासाचा खड्डा खोदताना माझ्याकडे मूर्ती निघाली तर? मूर्ती जाईल नागपूरला, घराला लागेल टाळं. मग शहाणा माणूस काय करेल? गपचूप माती लोटेल.”

लोटेलच. म्हणून त्या घटनेकडे नीट पाहिले पाहिजे. २०२४ च्या जूनमध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडून लखुजींच्या समाधीच्या छत्रीचे काम चालू असताना काही दगड वेगळे वाटले, तिथे खोदले तर देवळाचा पाया लागला, आणि सुमारे सव्वादोन मीटर खाली मूर्ती. लांबी एक मीटर सत्तर सेंटीमीटर, उंची एक मीटर. शेषावर पहुडलेला विष्णू, पायाशी लक्ष्मी, पाटावर समुद्रमंथन. दगड आपला काळा पाषाण नव्हे, त्याहून मऊ, बारीक कोरीवकामाला सोसणारा क्लोराइट शिस्ट. माझ्या मुद्द्याला याहून मोठा पुरावा मिळणे अवघड. सतराव्या शतकातल्या सरदाराची समाधी जिथे आहे तिथेच, तिच्याहून कित्येक शतके जुने देऊळ. म्हणजे जाधवांनी मोकळ्या माळावर गाव वसवले नाही, जुन्या पूज्य जागेच्या अंगाने वसवले. सुटी समाधी जपणाऱ्याला हा शोध म्हणजे अपघात. अख्खे गाव एक वास्तू मानणाऱ्याला तो अपेक्षितच. आता भाऊंची भीती. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंचा आपला कायदा १८७८ चा आहे, आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, असे तो सांगतो. कळवणाऱ्याला मोबदला मिळावा ही सोय त्यात आहे, पण ती गावात कोणाला ठाऊक आहे? लोकांना ठाऊक आहे ती फक्त जप्ती. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानंतर सापडलेल्या वस्तूची बाजारभावाने किंमत ठरवून ती शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला मिळू लागली, आणि कळवणाऱ्यांची संख्या वाढली. लोक अचानक प्रामाणिक झाले नाहीत. प्रामाणिकपणा परवडू लागला. दुसरी गोष्ट वस्तू गावात राहण्याची. ही मूर्ती सिंदखेडातच राहावी अशी मागणी तेव्हा झाली, आणि ती भाबडी नव्हती. शेजारच्या मेहकरात १८८८ साली शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती जमिनीतून निघाली. इंग्रज ती नेतील या धास्तीने गावाने घाईने तिची प्रतिष्ठापना केली असे तिथे सांगतात. मूर्ती राहिली आणि तिच्याभोवती आज एक जिवंत देवस्थान आहे. अभ्यासकाला कदाचित ती संग्रहालयात अधिक सोयीची झाली असती, पण सोयीपेक्षा संदर्भ मोलाचा असतो. सिंदखेडात निघेल ते सिंदखेडातल्याच जतनगृहात, तापमान-ओलाव्याची व्यवस्था करून, ठेवायची हमी दिली तर भाऊंना गपचूप माती लोटायचे निम्मे कारण मिटते.

आता एकच गाठ उरते, आणि तीच खरी अवघड. भाऊ शेवटी सौदा मांडतात. “चला, करा तुमची यादी. माझं घर तिसऱ्या श्रेणीत घाला. पुढचा दरवाजा, ओटा, ओसरी आहे तशी ठेवतो, भिंतीला चुना लावतो, पैसे अर्धे तुम्ही द्या. पण मागच्या चौकावर दोन खोल्या चढवायची परवानगी त्याच कागदावर, त्याच दिवशी, सहीशिक्क्यानिशी पाहिजे. आधी बंधन अन् नंतर परवानगी, असं चालणार नाही.” मला हा सौदा रास्त वाटतो, नगरपरिषदेने यादी करायला घेतली तर पहिल्या पानावर अशीच अट छापावी. त्याआधी मोजणी मात्र पाण्यापासून सुरू व्हावी: मोती तलाव, चांदणी तलाव, दोन्ही बारवा, नीळकंठेश्वराचे कुंड आणि त्यांना जोडणारा प्रत्येक उतार नकाशावर यावा, कारण घर परत बांधता येते, बुजलेली पाण्याची वाट कोणी परत उकरत नाही. भाऊंचे घर केंद्राच्या संरक्षित वास्तूपासून तीनशे मीटरांच्या बाहेर असेल तर त्यांच्या खोल्यांचा कागद गावातल्या गावात निघू शकतो. शंभर ते तीनशे मीटरांत असेल तर गावाबाहेरची परवानगी आणावीच लागेल. शंभराच्या आत असेल तर नगरपरिषद, जिल्हाधिकारी आणि मी, तिघेही त्यांना होकार देऊ शकत नाही. त्यासाठी त्या स्मारकाचे उपविधी व्हावे लागतील आणि निषिद्ध पट्ट्याचा सरसकट नियम संसदेला बदलावा लागेल. ते होईपर्यंत त्या पट्ट्यातल्या घरांना दुरुस्तीचा पूर्ण खर्च सरकारने द्यावा, अर्धा नव्हे.